हलक्या स्वाराच्या चाकाला स्पोक किती?

शाळेच्या सायकलतळावर जाऊन एक साधी मोजणी करू या. जुन्या धर्तीच्या उंच काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक आढळतील. इतर अनेक सायकलींना दोन्हीकडे ३६. गंमत अशी, की बेरीज दोन्हीकडे ७२ च येते! पहिली पद्धत इंग्रजी सायकलींची. आपल्याकडे ती त्यांच्याबरोबरच आली. दुसरी इतर बहुतेक देशांत रूढ होती. दोन्ही पद्धतींत मोठा माणूस आणि त्याचे ओझे गृहीत धरलेले होते. मग आठवीत शिकणाऱ्या, ४०-४२ किलो वजनाच्या मुलीच्या सायकलीलाही एवढे स्पोक कशाला हवेत?

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून येथील काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. घाटाखाली पूर्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल होतो, आणि तो वाळला की गाड्यांच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. घाटावर खडी आणि चढउतार. एखाद्या दिवशी रिम वाकतो, चाक नव्याने बांधून घ्यावे लागते आणि दुकानदार विचारतो, "बत्तीसचा घालू की छत्तीसचा?" चाक आठ दिवस दुकानात पडून राहिले, तर शाळाही आठ दिवस बुडते. म्हणून उत्तर नीट शोधू या.

आधी बैलगाडीचे चाक आठवा. त्याचे लाकडी आरे जाड असतात, कारण तुंब्यावर आलेला भार खालचा आरा खांबासारखा पेलतो. सायकलचा स्पोक म्हणजे २ मिलिमीटर जाडीची तार. ती खांब होऊच शकत नाही. दाबली तर वाकेल. ही तार फक्त ओढू शकते. ताणलेल्या तारांचे चाक करण्याची कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली होती, तीही विमानाच्या विचारात असताना. हबला स्पर्शरेषेत जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांचे चाक जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आणले. अशा जोडणीत निम्मे स्पोक पुढे आणि निम्मे मागे ओढतात, तेही दोन्ही बाजूंना. म्हणून स्पोकांची संख्या सामान्यतः चारच्या पटीत असते.

चांगल्या बांधलेल्या चाकात प्रत्येक स्पोक सुमारे ८० किलो वजन टांगल्याइतका ताणलेला असतो असे धरू. आपण सायकलीवर बसलो की काय होते? हब वरच्या स्पोकांना लटकतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात वरच्या स्पोकांचा ताण जवळजवळ बदलत नाही. जमिनीला टेकलेल्या जागी रिम किंचित चपटा होतो आणि तेथील दोन-चार स्पोकांचा ताण कमी होतो. खालची ओढ जेवढी घटली, तेवढा भार पेलला गेला.

यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. कानाने ऐकता येते. सायकल उभी धरून मागच्या चाकाचा सर्वांत खालचा स्पोक नखाने छेडा. मग एका विद्यार्थ्याला सीटवर बसवा, दोघांनी सायकल धरा आणि तोच स्पोक पुन्हा छेडा. स्वर उतरलेला ऐकू येईल. वरच्या स्पोकाचा स्वर मात्र होता तसाच राहील. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे अकरावी-बारावीचे विद्यार्थी जाणतातच. ताण ८० वरून ६७ झाला तर कंप्रता सुमारे साडेआठ टक्क्यांनी घटते. कानाला ती सहज कळते.

आता हिशेब. मुलगी ४२ किलो, दप्तर ६, सायकल १८, एकूण ६६ किलो. यातील सुमारे ६० टक्के, म्हणजे ४० किलो, मागच्या चाकावर येतात. हा भार चाकाच्या १२ व्या हिश्श्यातले स्पोक पेलतात असे ढोबळमानाने धरू. ३६ च्या चाकात ते ३ होतात आणि प्रत्येकाचा ताण १३ किलोने घटतो. खड्ड्यात धक्का तिप्पट धरला, तर घट ४०. तरीही ८० पैकी ४० शिल्लक! २४ च्या चाकात दोनच स्पोक, म्हणून घट ६० आणि शिल्लक २०. म्हणजे हलक्या स्वाराला २४ स्पोकही चालतील, असे गणित सांगते.

पण गणितात मैत्रीण धरलेली नाही. डबलसीट निघाल्यावर आणखी ४० किलो जवळजवळ पूर्णपणे मागच्याच चाकावर येतात. तोच हिशेब पुन्हा केला, तर ४० च्या चाकात ८ किलो शिल्लक राहतात, ३६ च्या चाकात शून्य, आणि ३२ चा स्पोक खड्ड्यापुरता ढिला पडतो. मैत्रिणीऐवजी सरकीचे पोते असले, तरी चाकाला फरक पडत नाही.

स्पोक ढिला पडण्याने काय बिघडते? त्या क्षणी निप्पल थोडे फिरून सुटते, शेजारच्या स्पोकांवर काम पडते, चाक आऊट होते. शिवाय चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोकाचा ताण एकदा घटतो आणि पुन्हा वाढतो. २.२ मीटर परिघाचे चाक येता-जाता ८ किलोमीटरमध्ये सुमारे ३६०० फेऱ्या करते. तार वाकवून वाकवून तोडतो, तसा सैल स्पोक हबजवळच्या वाकणात तुटतो. स्पोक ओव्हरलोडने एका झटक्यात तुटणे त्या मानाने विरळाच.

आता याच गणितात एक आकडा बदला. चाक ३६ चेच, पण बांधणाऱ्याने घाई केली आणि ताण ८० ऐवजी ४० च ठेवला. एकटी मुलगी खड्ड्यात गेली की शिल्लक शून्य! २४ चे घट्ट चाक याहून बरे ठरले. आमच्या मते दुकानात पहिला प्रश्न स्पोकांच्या संख्येचा नसून ताणाचा असावा. एकाच बाजूचे स्पोक एकामागून एक छेडून पाहिले, की सगळ्यांचा स्वर सारखा येतो की नाही ते लगेच कळते.

कमी स्पोकांनी वजन वाचते, हे खरे. किती, तेही काढू. स्पोक सुमारे ७ ग्रॅमचा, निप्पल १ ग्रॅमचे. १२ स्पोक कमी केले तर शंभर ग्रॅमही वाचत नाहीत. दप्तरातील एक वही काढली तरी तेवढे होते. शर्यतीच्या सायकलींना २०-२४ स्पोक चालतात, कारण त्यांचे रिम खोल आणि ताठ असतात व भार अधिक स्पोकांत वाटतात. साध्या रिमला ते जमणार नाही. शिवाय ३६ पैकी एक तुटला तर चाक थोडे हलत का होईना घरी पोचवते. २४ पैकी एक तुटला, की रिम ब्रेकला घासू लागतो.

तेव्हा पुढचे चाक ३२ चे निःशंक घ्यावे. त्यावर जेमतेम २६ किलो येतात. मागे ३६, आणि कॅरिअरवर रोज कोणी बसणार असेल तर ४०. रिमची भोके हबच्या भोकांइतकीच हवीत, त्यामुळे जुना हब वापरायचा तर तो मोजूनच दुकानात जावे. नवे चाक पंधरा दिवस चालवल्यावर स्पोक जागेवर बसून थोडे सैलावतात. त्या वेळी ते एकदा पुन्हा ताणून घ्यावेत.