कॅन्सरनंतरची फेरतपासणी : हरसूलला काय, नाशिकला काय

कॅन्सरचे उपचार संपवून रुग्ण नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलजवळच्या पाड्यावर परततो, तेव्हा त्याच्याकडे फाइल आणि पुढची तारीख असते. ती तारीख भातलावणीत येते, नाहीतर घरचे सगळे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेलेले असताना. मग ती चुकते. ती पाळली जायची, तर फेरतपासणीतले जे काम गावाजवळ होऊ शकते ते तिथेच व्हायला हवे.

किती दिवसांनी?

तोंडाचा कॅन्सर उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून पहिल्या वर्षी साधारण दर 1 ते 3 महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी 2 ते 6 महिन्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत 4 ते 8 महिन्यांनी तपासणी सुचवतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिली तीन वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी करतात. नेमका क्रम उपचार करणारे डॉक्टरच ठरवतात.

प्रत्येक वेळी स्कॅन लागतो का?

नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर काही त्रास नसेल, तर दरवेळी सीटी किंवा हाडांचा स्कॅन करण्याची शिफारस नाही. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने भारतातल्या साधनांचा विचार करून मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. विचारपूस आणि हाताने केलेली नीट तपासणी हाच फेरतपासणीचा गाभा आहे.

हरसूलला काय होऊ शकते?

ग्रामीण रुग्णालयात वजन घेता येते, टॉर्चच्या उजेडात तोंड पाहता येते, मानेतल्या गाठी चाचपता येतात. तोंड किती उघडते, घास गिळताना अडकतो का, गोळ्या वेळेवर चालू आहेत का, हेही विचारता येते. मानेला रेडिएशन दिले असेल, तर थायरॉइडसाठी दर 6 ते 12 महिन्यांनी रक्तातले टीएसएच तपासावे लागते. मिसरी, तंबाखू पुन्हा सुरू झाली का, हे दरवेळी विचारावे. शंका आली तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

तारखेची वाट कधी पाहू नये?

न भरणारी जखम, नवी गाठ, रक्तस्राव, कारणाशिवाय घटणारे वजन, सतत दुखणारे हाड किंवा वाढता दम, यांपैकी काहीही दिसले तर थेट नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किंवा उपचार झाले त्या ठिकाणी जावे.

तारीख कोण सांभाळणार?

सूचना कागदावर राहतात त्या इथेच. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तारखा, करायच्या तपासण्या आणि धोक्याची लक्षणे मराठीत लिहिलेली असावीत. त्याची एक प्रत ग्रामीण रुग्णालयात, एक आशाताईंच्या नोंदवहीत असावी. आठवडाभर आधी आठवण करावी. रुग्ण आला नाही, तर त्याच आठवड्यात घरी चौकशी व्हावी. घरच्यांनी फाइल कोरडी, एकाच पिशवीत ठेवावी आणि कामासाठी बाहेरगावी जाताना ती सोबत न्यावी.