सामुदायिक रेडिओ : सार्वजनिक आरोग्य आणि नागरी जीवन यांचे स्थानिक माध्यम

प्रस्तावना :
गावातील विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, ही माहिती त्या गावातील कुटुंबापर्यंत किती वेळात आणि कोणत्या मार्गाने पोहोचते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. जिल्हा दैनिकात ती बातमी आलीच तर दुसऱ्या दिवशी येते. दूरचित्रवाणीला एका गावाच्या विहिरीची दखल घेण्याचे कारण नसते. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लिहिली जाते. परंतु फलक वाचण्यासाठी अक्षरओळख आणि सवड या दोहोंची आवश्यकता असते. माहितीच्या या पोकळीत सामुदायिक रेडिओचे स्थान कोणते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी :
सामुदायिक रेडिओ म्हणजे विशिष्ट परिसरातील लोकांसाठी, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्या सहभागातून चालविले जाणारे, नफ्याचा हेतू नसलेले नभोवाणी केंद्र होय. महाराष्ट्राला या विचाराची ओळख जुनी आहे. इ.स. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांसाठी 'रेडिओ ग्रामीण मंडळां'चा प्रयोग झाला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. श्रोता हा केवळ ऐकणारा नसून बोलणाराही असतो, हे तत्त्व या प्रयोगाने रुजविले.

पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही अशी केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. २००६ च्या धोरणानुसार प्रक्षेपणाची शक्ती साधारणतः १०० वॅट, मनोऱ्याची उंची कमाल ३० मीटर आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावेत, अशा अटी आहेत. त्यामुळे केंद्राचा आवाज सुमारे ५ ते १० किलोमीटरच्या परिसरातच पोहोचतो. ही तांत्रिक मर्यादा वस्तुतः या माध्यमाचे बलस्थान आहे. जे केंद्र दहा गावांतच ऐकू येते, त्याला त्या दहा गावांविषयीच बोलावे लागते. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यात, म्हसवड येथे २००८ पासून सुरू असलेली 'माणदेशी तरंग वाहिनी' हे याचे परिचित उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील अशा केंद्रांची संख्या ४८१ होती.

आरोग्यविषयक प्रसारणाचे स्वरूप :
आरोग्याचा संदेश सर्वसाधारण असेल तर तो लवकर विसरला जातो. 'पाणी उकळून प्या' हे वाक्य सर्वांनी अनेकदा ऐकलेले असते. सामुदायिक रेडिओला त्यापुढे जाता येते. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्यात येते. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, लाल कार्डाचा अर्थ काय, पाण्यात टीसीएल पावडर मिसळल्यानंतर किमान अर्धा तास का थांबावे, नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा याचे कारण काय, हे जलसुरक्षकाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर श्रोता ते आपल्या हंड्याशी जोडून पाहतो. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत कार्यरत झालेल्या आशा कार्यकर्तीचा आवाजही असाच ओळखीचा असतो. अतिसार झालेल्या बालकाला क्षारसंजीवनी कशी द्यावी, हे तिच्या तोंडून ऐकताना परकेपणा उरत नाही. शिवाय रेडिओ ऐकताना हात मोकळे राहतात. स्वयंपाक, निंदणी अथवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रीसाठी ही बाब महत्त्वाची ठरते.

माहिती आणि बातमी यांतील सीमारेषा :
येथे एक मूलभूत अडचण उभी राहते. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम प्रसारित करण्यास परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या मूळ स्वरूपात सहक्षेपित करता येतात. हवामान, परीक्षा, रोजगार, वीज व पाणीपुरवठा यांविषयीच्या सूचना, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेले आरोग्यविषयक इशारे हे 'बातमी' मानले जात नाहीत. म्हणजेच, गावाला लाल कार्ड मिळाल्याची प्रशासनाने दिलेली सूचना केंद्राला वाचून दाखविता येते. परंतु सलग दोन वर्षे लाल कार्डच का मिळाले, असा प्रश्न विचारताच केंद्र निषिद्ध प्रदेशाच्या उंबरठ्यावर येते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र दुसराच प्रश्न अधिक मोलाचा आहे. कारण रोग पाण्यातून येतो, आणि पाणी दूषित राहते ते गळकी जलवाहिनी, न खरेदी केलेली पावडर, न झालेली बैठक यांमुळे. आरोग्य आणि नागरी कारभार यांची अशी फारकत करता येत नाही.

आर्थिक बाजूही यास जोडून पाहावयास हवी. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातींची मर्यादा ताशी ७ मिनिटांवरून १२ मिनिटांपर्यंत वाढविली आणि शासकीय जाहिरातींचा दर १० सेकंदांसाठी ७४ रुपये केला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि, ज्यांच्या कामाविषयी प्रश्न विचारावयाचा, त्यांच्याच जाहिरातींवर केंद्र अवलंबून असेल, तर मौनाकडे कल वाढण्याचा धोका संभवतो.

उपलब्ध मार्ग :
विद्यमान चौकटीतही काही वाटा मोकळ्या आहेत. ग्रामसभेची तारीख व विषयपत्रिका जाहीर करणे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे अधिकार समजावून सांगणे, माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये अर्ज कसा करावा हे शिकविणे, ही बातमी नव्हे, तर लोकशिक्षण आहे. प्रश्न केंद्राने न विचारता, तो कोठे व कसा विचारावा हे श्रोत्याला कळले, तरी हेतू बऱ्याच अंशी साध्य होतो. त्याचप्रमाणे २०२४ च्या तत्त्वांनुसार सल्लागार व आशय समितीत किमान निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. पाणी भरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, त्यांनाच कार्यक्रमाचे विषय ठरविण्याचा अधिकार यातून मिळू शकेल. मात्र ही समिती केवळ कागदावर राहता कामा नये.

समारोप :
पूर्वी गावात दोन व्यवस्था होत्या. दवंडी पिटली जाई, तेव्हा गावकरी ती निमूटपणे ऐकत. चावडीवर मात्र त्याच हुकमाविषयी उलट प्रश्न विचारता येत असे. केवळ शासकीय सूचना वाचणारा सामुदायिक रेडिओ ही विजेवर चालणारी दवंडी ठरेल. त्याला चावडीचे रूप यावयाचे असेल, तर स्थानिक आरोग्य व नागरी प्रश्नांवरील वस्तुनिष्ठ चर्चेस 'चालू घडामोडी'च्या बंधनातून सूट देण्याचा विचार धोरणकर्त्यांनी करावयास हवा. तोपर्यंत ग्रामसभेचा रस्ता दाखविण्याचे काम या केंद्रांनी नेटाने करीत राहणे, हेच श्रेयस्कर होय.