दिवा लावतो कोण?

एआयला सांगितले आणि दिवाणखान्यातला दिवा लागला, एवढे डोळ्यांदेखत घडल्यावर ती बुद्धी दिव्यातच जाऊन बसली असावी, असा समज होणे स्वाभाविक असले, तरी वस्तुस्थिती त्याहून पुष्कळच रुक्ष आहे. भाषेचे मॉडेल, मग ते कितीही बहुश्रुत असो, मजकुराखेरीज दुसरे काही निर्माण करीत नाही. २०१२ साली बाजारात आलेल्या फिलिप्स ह्यू या दिव्यांचेच उदाहरण घेऊ. गृहस्थ म्हणतो, “वाचायला बसतोय, पिवळसर आणि जरा मंद उजेड कर.” त्यावरून मॉडेल ठरावीक साच्यातला एक मजकूर लिहिते : अमुक दिवा, चालू, तेज १००, रंगतापमान ३७०. ह्यूच्या जुन्या पद्धतीत तेज १ ते २५४ आणि रंगतापमान १५३ ते ५०० या आकड्यांत सांगावे लागते. १५३ म्हणजे निळसर पांढरा, ५०० म्हणजे ज्योतीच्या जवळ जाणारा पिवळा, आणि ३७० म्हणजे सुमारे २७०० केल्व्हिन, जुन्या तारेच्या बल्बचा ओळखीचा रंग. हा मजकूर एक साधा प्रोग्रॅम, ज्याला ‘टूल’ म्हणतात, राउटरला जोडलेल्या ‘ब्रिज’ नावाच्या पेटीकडे पोहोचवितो, आणि ती पेटी झिगबी या रेडिओपद्धतीने दिव्याला आज्ञा देते. ‘जरा मंद’ म्हणजे १०० हे ठरविण्यापुरतीच काय ती बुद्धिमत्ता. पुढची सारी अंमलबजावणी निर्बुद्ध आणि म्हणूनच विश्वासार्ह आहे.

इंटरनेट बंद पडले की घर अंधारात बुडेल, ही भीतीही अशीच अर्धवट. ब्रिज आणि दिवे यांचा संवाद घराबाहेर जात नाही. मॉडेल परक्या सर्व्हरवर असेल तर त्याच्यापुरते इंटरनेट लागते; पण घरच्या संगणकावर चालणारे मॉडेल, २०१३ पासून विकसित होत आलेल्या होम असिस्टंटसारख्या मुक्त प्रणालीशी जोडले, तर तेवढेही लागत नाही.

याहून घातक समज असा, की एजंटने, म्हणजे अशी टूल्स वापरणाऱ्या मॉडेलने, “दिवा लावला आहे” असे कळविले म्हणजे दिवा लागलाच. आपल्या घरांत बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणे बंद करण्याची शिस्त अंगवळणी पडलेली असते, आणि ज्या बल्बचा वीजपुरवठाच तोडला आहे त्याच्यापर्यंत कोणतीही आज्ञा पोहोचू शकत नाही. चांगल्या रीतीने बांधलेले टूल आज्ञेनंतर दिव्याची स्थिती पुन्हा विचारून घेते. तसे नसेल, तर मॉडेल आज्ञा रवाना होण्यालाच फलश्रुती समजून बिनदिक्कत ग्वाही देते.

आता मुख्य प्रश्न अखत्यारीचा. एजंटला घरातले सर्व काही दिसते व करता येते असे मानणारे, आणि दिव्यांपुरते काम असल्याने त्यात धोका कसला असे म्हणणारे, दोघेही सारखेच चुकतात. ह्यूचा ब्रिज कोणत्याही प्रोग्रॅमला सहजासहजी दाद देत नाही. पेटीवरचे बटण कोणी तरी घरात प्रत्यक्ष उभे राहून दाबावे, तेव्हाच तो आज्ञा देण्याची किल्ली त्याच्या हवाली करतो. त्यानंतर मॉडेलच्या हाती काय येते, तर मालकाने यादीत नमूद केलेली टूल्स आणि तेवढीच. हे मुखत्यारपत्रासारखेच आहे : कलमे लिहिणारा आपण, आणि कलमे मोघम ठेवली तर दोषही आपलाच. २०२५ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी याचे प्रात्यक्षिकच दाखविले. त्यांनी कॅलेंडरच्या एका निमंत्रणात छुपा मजकूर पेरला. मालकाने गूगलच्या जेमिनीकडे आठवड्याच्या कामांचा गोषवारा मागितला, तेव्हा तो मजकूर मॉडेलच्या वाचनात आला, आणि पुढे मालकाने नुसते आभार मानताच घरातले दिवे मालवले, खिडक्यांची शटर उघडली व बॉयलर सुरू झाला. गूगलने त्यावर बंदोबस्त केला. तथापि मूळ अडचण अशी, की वाचायला दिलेला मजकूर कोणता आणि पाळायचा हुकूम कोणता, यांतला भेद मॉडेल खात्रीने करू शकत नाही. म्हणून ज्या एजंटला बाहेरची पत्रे वाचू द्यायची, त्याच्या यादीत दिवे खुशाल ठेवावेत. पण दाराचे कुलूप आणि गिझर, निदान मालकाला विचारल्याखेरीज, मुळीच ठेवू नयेत.

उरला विजेच्या बचतीचा गवगवा. दूरस्थ आज्ञेची वाट पाहत बल्ब अखंड जागा असतो. त्यासाठी अर्धा वॅट धरला, तरी वर्षाकाठी एका बल्बमागे जवळजवळ साडेचार युनिटे होतात. दहा बल्बांची चव्वेचाळीसच्या घरात जातात. विसरलेले दिवे एजंटने मालवले तर ही तूट सहज भरून निघते; पण ज्या घरात दिवा मालवायला कोणी विसरतच नाही, तिथे बिल थोडे वाढेल, आणि ते वाचविण्यासाठी भिंतीवरचे बटण बंद केले, तर एजंटला सांगून काही उपयोग नाही.