बाटलीचं वय तिच्या तोंडात

वसई, आगाशी, निर्मळ या बाजूला जुनं घर पाडायला घेतलं की माळ्यावरून चारदोन बाटल्या निघतातच. एखादी गर्द निळी, एखादी मधाच्या रंगाची, एखादी काळीकुट्ट. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘पोर्तुगीजांच्या वेळची असणार!’ वसईत हे वाक्य फार स्वस्त आहे. 1534 ते 1739, म्हणजे चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, इथे पोर्तुगीज होते हे खरं. पण त्या राजवटीच्या अखेरच्या काळातल्या युरोपी दारूच्या बाटल्या फुंकणीवर फुगवलेल्या, बसक्या, कांद्यासारख्या पोटाच्या असत. सहा पैलूंची, अंगावर उभ्या रेघा असलेली निळी बाटली त्यांच्यात बसत नाही. ती बहुधा ब्रिटिशकाळातली विषारी औषधाची. अंधारात हात लागला तरी ‘हे पिऊ नये’ असं बोटांना कळावं, म्हणून त्या रेघा.

रंगावर भुलायचं नाही, हा पहिला नियम. हिरवट छटा वाळूतल्या लोखंडाची. काही खास न करता ती येते. निळ्याला चिमूटभर कोबाल्ट पुरतो. तपकिरी रंग गंधक, लोखंड आणि कोळशाच्या मेळातून येतो आणि उजेड अडवतो, म्हणून औषधं आणि बिअर त्यात. ‘काळी’ बाटली उजेडासमोर धरली की बहुतेक वेळा गडद शेवाळी निघते. फिकट जांभळीची गंमत वेगळी आहे. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी तिच्यात मँगनीज घालत. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की ते जांभळं पडतं. हल्ली साध्या जुन्या बाटल्यांवर किरणोत्सर्ग करून जांभळा रंग आणतात. रंग फारच गडद वाटला तर सावध व्हावं.

खरं वय सांगतं ते तोंड आणि बूड. बाटली आडवी धरून अंगावरून नख फिरवा. साच्याच्या दोन भागांची जोडरेघ लागेल. ती मानेवरच विरली, तर तोंड कारागिराने नंतर हाताने घडवलंय. रेघ ओठावरून पार गेली, तर काम यंत्राचं. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं. बुडाशी खरखरीत व्रण असेल, तर बाटली लोखंडी सळईवर तोलून धरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही पद्धत हळूहळू मागे पडली.

इथेच परदेशी पुस्तकं आपल्याला फसवतात. त्यांच्या हिशेबाने हाताने घडवलेलं तोंड म्हणजे शंभर वर्षं सहज. आपल्याकडे यंत्र उशिरा आलं, आणि फिरोझाबादेत आजही फुंकणीने काच फुगवतात. लोकवर्गणीच्या पैसाफंडातून तळेगाव दाभाड्याला काचकारखाना निघाला 1908 मध्ये. ओगल्यांचा कारखाना 1916 चा. देशी बाटली असेल, तर या तारखा ध्यानात ठेवून मगच वय बोलावं.

गोटीसोड्याचंही तसंच. हायरम कॉड या इंग्रजाने 1870 च्या सुमारास या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, आणि ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खळगे असतात. पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, म्हणून जुन्या धड बाटल्या कमी उरल्या. पण नव्या अजूनही बनतात, तेव्हा नुसत्या गोटीवरून जुनी ठरत नाही. काचेत उमटलेलं जुन्या सोडावाल्याचं नाव आणि गाव असेल, तर मात्र तिच्याकडे नीट बघावं. गाव दूरचं निघालं तरी बिचकू नये: 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईची लोकल सुरू झाली. तेव्हा ‘बॉम्बे’ उमटलेली औषधाची बाटली वसईच्या माळ्यावर सापडली, तर नवल नाही.

किमतीचं काय? ओठाला टवका, अंगाला भेग, आतून न जाणारा पांढुरकेपणा. यांतलं एक जरी असलं तरी भाव घसरतो. नाव, अक्षरं, दुर्मीळ रंग आणि मूळ बूच असेल तर चढतो. चोर बाजारात सांगितलेली किंमत ही किंमत नव्हे. प्रत्यक्षात कितीला गेली ते बघावं. जमिनीत पडलेल्या काचेवर कांद्याच्या सालीसारखे इंद्रधनुषी पापुद्रे येतात. काही संग्राहकांना ते आवडतात, म्हणून तारेच्या चोथ्याने घासू नका. कोमट पाण्यात बुडवून ठेवा, बस्स.

एक मात्र स्पष्ट सांगतो: किल्ल्यात खणायला जाऊ नका. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. शिवाय 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय चालत नाही आणि ती परदेशी पाठवता येत नाही. माळ्यावरची बाटली तुमचीच आहे. तिचा आणि ती कुठे सापडली त्या जागेचा फोटो काढा, आजीला ती कुठून आली ते विचारून लिहून ठेवा, आणि भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा तिच्या मानेवरून नख फिरवा.