व्हिस्टाला पर्याय शोधताना

५ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचे मंत्री डेव्हिड शुल्किन यांनी जाहीर केलं, की खात्याच्या रुग्णालयांतली जुनी नोंदप्रणाली जाणार आणि तिच्या जागी सर्नर कंपनीची येणार. निविदा मागवल्या नाहीत. संरक्षण खात्याने २०१५ मध्येच ही प्रणाली घेतली होती. सैनिक निवृत्त झाला की त्याचा वैद्यकीय इतिहास एका खात्यातून दुसऱ्या खात्यात विनासायास यायला हवा, तर दोघांकडे एकच प्रणाली असू दे, असं कारण दिलं गेलं. कारणात खोट काढायला जागा नव्हती. मे २०१८ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या करारावर सह्या झाल्या. रुग्णालयं होती सुमारे १७०.

नोंदप्रणालीची निवड कशी होते हे समजून घ्यायला याहून मोठं, आणि महागडं, उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र ही गोष्ट २०१७ पासून वाचायला घेतली की हाती फक्त एका कंपनीची आणि एका मंत्र्याची कहाणी लागते. ती बरीच आधी सुरू होते.

जुन्या प्रणालीचं नाव व्हिस्टा, आणि तिचा जन्म जवळपास चोरून झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस खात्याच्या वेगवेगळ्या गावच्या रुग्णालयांत काही प्रोग्रामर आणि डॉक्टर छोट्या संगणकांवर आपापल्या गरजेचे प्रोग्राम लिहीत होते. कुणी प्रयोगशाळेसाठी, कुणी औषधांसाठी. भाषा होती मम्प्स, साठच्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात तयार झालेली. मुख्यालयाच्या संगणक विभागाला हा उद्योग मंजूर नव्हता. सगळं काम मध्यवर्ती यंत्रांवर आणि मध्यवर्ती हुकमाने चालावं, असा त्यांचा आग्रह. कामं बंद पाडली गेली, काहींना नोकरी गमवावी लागली. ही मंडळी स्वतःला 'हार्डहॅट्स' म्हणवून घेत. १९८१-८२ मध्ये त्यांच्या पाठीशी जे वरिष्ठ उभे राहिले, त्यांत खात्याचे तेव्हाचे उपप्रमुख चक हेगल होते. हे नाव पुढे परत येणार आहे.

लिहिणारा आणि वापरणारा एकाच इमारतीत असला की काय होतं, याचा एक किस्सा सांगायलाच हवा. १९९२ मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपीका इथल्या परिचारिका स्यू किनिक यांनी भाड्याची मोटार परत करताना पाहिलं, की कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचला आणि काम झालं. गाडीसाठी हे जमतं तर गोळीसाठी का नाही? रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट, दोन्हींचे कोड जुळले तरच औषध द्यायचं, ही पद्धत टोपीकात उभी राहिली आणि नंतर देशभरच्या या रुग्णालयांत गेली. ही कल्पना कुठल्याही निविदेतल्या अपेक्षांच्या यादीत नव्हती.

नव्वदच्या दशकाअखेर डॉक्टरांना सगळी माहिती एका पडद्यावर मिळू लागली. २००५ मध्ये कट्रीना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडालं. शहरातल्या असंख्य दवाखान्यांतले कागद चिखलात गेले, पण स्थलांतरित माजी सैनिकांच्या नोंदी काही दिवसांतच दुसऱ्या गावांच्या रुग्णालयांत उघडता आल्या. पुढच्याच वर्षी हार्वर्डकडून दिला जाणारा सरकारी नवकल्पनांचा पुरस्कार व्हिस्टाला मिळाला. सरकारी पैशातून झालेली असल्याने तिचा मूळ कोड कुणालाही मोफत घेता येत होता. दिल्लीच्या मॅक्स रुग्णालय समूहाने पुढे तीच घेतली.

दोषही होतेच, आणि ते गुणांच्याच पोटातून आलेले होते. प्रत्येक ठिकाणी आपल्या सोयीने बदल केल्यामुळे एकच व्हिस्टा न राहता तिच्या सुमारे १३० आवृत्त्या झाल्या होत्या. एका गावची नोंद दुसरीकडे दिसायची, पण दुरुस्ती करायची तर ती १३० ठिकाणी.

माझ्या मते खरा निर्णय २००६ मध्ये झाला, आणि तो कुणी निर्णय म्हणून घेतलाच नाही. त्या मे महिन्यात खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली. तिच्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती. गदारोळ झाला. रुग्णालयांच्या हाताखालचे संगणक विभाग काढून वॉशिंग्टनच्या एका अधिकाऱ्याकडे सोपवण्याच्या प्रक्रियेला जोर आला. सुरक्षेच्या दृष्टीने ते समर्थनीय होतं. पण परिचारिका आणि प्रोग्रामर यांच्यातला रस्ता त्याने बंद झाला. व्हिस्टा चालू राहिली, तिची वाढ मात्र खुंटली. प्रणालीला असं काही वर्षं उपाशी ठेवलं की ती जुनाट दिसू लागते, आणि मग नवी विकत घेणं हाच शहाणपणा वाटतो.

पुढचे प्रसंग त्याच दिशेने गेले. संरक्षण आणि माजी सैनिक या दोन्ही खात्यांनी मिळून नवी प्रणाली बांधायचा घाट घातला. बरेच पैसे आणि वर्षं घालवून फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सोडून दिला. त्याच वर्षी चक हेगल संरक्षणमंत्री झाले आणि आपल्या खात्यासाठी बाजारातली तयार प्रणाली घ्यायचं त्यांनी ठरवलं. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी घरच्या प्रोग्रामरांना आसरा दिला, तेच! २०१४ मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयात भेटीच्या प्रतीक्षायाद्या लपवल्याचं उघड झालं, माजी सैनिक खात्याच्या मंत्र्यांना जावं लागलं, आणि भेटी ठरवण्याचं सॉफ्टवेअर १९८५ चं आहे हे सगळ्यांच्या तोंडी झालं. याद्या माणसांनी लपवल्या होत्या, पण शिक्का बसला व्हिस्टावर. (मम्प्सला 'साठच्या दशकातली भाषा' म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलं नाही, की अमेरिकेतल्या बड्या खासगी रुग्णालयांची लाडकी एपिक ही प्रणालीही त्याच भाषेच्या घराण्यातली आहे.)

नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू झाली ऑक्टोबर २०२० मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथे. खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये जे बाहेर आणलं ते वाचून कुठल्याही रुग्णालयाच्या अधीक्षकाची झोप उडावी. डॉक्टरने तपासणीची किंवा पुढच्या भेटीची सूचना टाकली, पण ती कुणाकडे जायची हे प्रणालीला जुळवता आलं नाही, तर ती 'अज्ञात रांग' नावाच्या एका कप्प्यात जाऊन पडायची. डॉक्टरला इशारा नाही. अशा ११ हजारांहून अधिक सूचना पडून राहिल्या आणि १४९ रुग्णांना त्यातून अपाय झाल्याचं तपासात निघालं. आत्महत्येचा धोका असलेल्या एका बेघर माजी सैनिकाची पुढची भेट याच कप्प्यात अडकली. त्याने हेल्पलाइनला फोन केला म्हणून तो वाचला. बिघाड म्हणावा असं यात काही नव्हतं. प्रणाली जशी रचली होती तशीच चालत होती.

त्यानंतर वॉला वॉला, कोलंबस आणि ओरेगनमधली दोन ठिकाणं झाली. कोलंबसला औषध विभागात कामाचा डोंगर साचला आणि जास्तीचे फार्मसिस्ट भरावे लागले. हे पगार किमतीच्या कुठल्याच तक्त्यात नव्हते. एका स्वतंत्र संस्थेने २०२२ मध्ये २८ वर्षांचा एकूण खर्च पन्नास अब्ज डॉलरच्या घरात जाईल असं सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये काम थांबवलं गेलं. सर्नर तोवर ऑरॅकलच्या मालकीची झाली होती. मे महिन्यात करार बदलून दरवर्षी नूतनीकरण करायचं आणि कामात कसूर झाली तर पैसे कापायचे असं ठरलं. हे कलम पहिल्याच करारात का नव्हतं, याचं पटेल असं उत्तर मला कुठे दिसलं नाही.

घेतलेल्या प्रणालीतून बाहेर पडायचं कसं, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कुणी विचारत नाही हे आपल्याकडेही दिसलं आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही नोंदप्रणाली २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा निवासी डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले. स्पोकेनमध्ये निदान शेजारच्या रुग्णालयांत जुनी प्रणाली जिवंत होती.

संरक्षण खात्याने मात्र हीच प्रणाली मार्च २०२४ पर्यंत आपल्या सर्व रुग्णालयांत बसवून संपवली. तिथेही तक्रारी झाल्या, पण गाडी थांबली नाही. याचं एक कारण सरळ आहे. लष्करी डॉक्टरांना आपली आधीची आल्टा नावाची प्रणाली मुळीच आवडत नव्हती, तिच्या तुलनेत काहीही चाललं असतं. माजी सैनिकांच्या डॉक्टरांची जुनी प्रणाली त्यांच्याच हातांनी घडलेली होती. दोन गिऱ्हाइकांना एकच माल देताना कुणाच्या घरातून काय उचललं जातंय, याचा हिशेब २०१७ च्या त्या बिनतोड कारणात नव्हता.

डिसेंबर २०२४ मध्ये खात्याने जाहीर केलं, की २०२६ च्या मध्यावर मिशिगन राज्यातल्या चार रुग्णालयांपासून काम पुन्हा सुरू होईल. मार्च २०२५ मध्ये २०२६ च्या यादीत आणखी नऊ ठिकाणं घातली गेली. बाकीच्यांचा कारभार तोवर व्हिस्टावर आहे, आणि ती चालवायला मम्प्स येणारी माणसं खात्याला अजून लागतात.