पैसे घेताना पिन लागत नाही

मुंबईत चेंबूर आहे. तिथल्या कारखान्यातले सुफला खत आपल्या शेतात येते. चेंबूरला गावोगावची पोरे कामाला जातात. पूर्वी ती मनिऑर्डर करीत. पोस्टमन घरी यायचा, अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा. 2016 साली यूपीआय सुरू झाली. आता फोनवरून पैसे थेट बँकेच्या खात्यात येतात.

सोय झाली, तसा चोरही शहाणा झाला. तो फोन करतो. "मावशी, पोराने पैसे धाडलेत. मी पाठवलेले चौकोनी चित्र फोनने टिपा, पिन दाबा, की जमा झाले!" मावशी पिन दाबते. पैसे येत नाहीत, उलट जातात!

असे का होते? पिन म्हणजे पेटीची किल्ली. पैसे काढायला किल्ली लागते. आत टाकायला फट पुरते. पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना पिन लागतो. घेताना कधीच लागत नाही. बँकसुद्धा पिन विचारत नाही. विचारील तो चोर समजावा.

तरीही कुणी फसले तर? आम्ही सांगतो, लाजू नका. तडक 1930 या नंबरावर फोन करा. चोराने पैसे काढून नेण्याआधी कळवले, तर ते अडवता येतात. उशीर केला, तर हात चोळत बसावे लागते.