फिनिक्समधले टोमॅटो: रोपाच्या लेबलवर नक्की काय बघायचं?

आजचा भाग ॲरिझोनातल्या आपल्या लोकांसाठी आहे. फेब्रुवारी उजाडला की फिनिक्स, चँडलर, मेसाकडून एकच प्रश्न येतो: "नर्सरीत टोमॅटोची वीस प्रकारची रोपं आहेत, कुठलं घेऊ?" प्रश्न साधा वाटतो, पण वाण चुकलं तर तीन महिने पाणी घालून हाती फक्त पानं लागतात. आणि वाळवंटात पाणी फुकट नसतं.

अडचण उन्हाची नाही, फुलांची आहे

टोमॅटोचं झाड ऊन सोसतं, फूल सोसत नाही. दिवसा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्री साधारण २१-२४ च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात आणि फुलं गळून पडतात. फिनिक्समध्ये रात्रीसुद्धा काँक्रीट तापलेलं असतं, त्यामुळे झाडाला उसंतच मिळत नाही. २०२३ मध्ये तर इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे गेला होता.

म्हणजे फळधारणेची डेडलाइन ठरलेली: साधारण मेचा मध्य. आता उलटं मोजूया.

लेबलवरचे दिवस हे रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकेपर्यंतचे असतात. फूल ते पिकलेलं फळ यात ढोबळ ४५ दिवस जातात. समजा, रोप १ मार्चला लावलं. ५५ दिवसांच्या वाणाला ११ मार्चच्या सुमारास फुलं धरायला लागतील. हातात दोन महिने! ८५ दिवसांच्या वाणाची फुलं १० एप्रिलला, म्हणजे जेमतेम एक महिना. पाणी तेच, मेहनत तीच, पीक मात्र निम्म्यावर.

मग घ्यायचं काय?

पहिली पसंती चेरी टोमॅटोला. 'सन गोल्ड', 'स्वीट १००' यांची फळं छोटी, लवकर पिकणारी आणि घोसांनी लागणारी. जूननंतर सावली दिली तर झाड तग धरतं आणि शरद ऋतूत पुन्हा फळतं.

कोशिंबिरीला, साराला मध्यम फळ हवं असेल तर 'अर्ली गर्ल'. साधारण ७० दिवसांचं 'सेलिब्रिटी'ही चालतं. त्याच्या लेबलवर व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसतील. पहिली दोन मर रोगांसाठी, तिसरं सूत्रकृमींसाठी; म्हणजे झाड त्यांना दाद देत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाचं 'सोलर फायर' तर उष्णतेत फळ धरावं म्हणूनच तयार केलेलं आहे.

देशी बियाणं हवं असेल तर टुसॉनची 'नेटिव्ह सीड्स सर्च' ही संस्था बघा. १९८३ पासून ते या वाळवंटाची बियाणी जपतात. त्यांच्याकडचं 'पुंता बांदा' हे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून आलेलं, उन्हाला सरावलेलं वाण.

आणि टाळायचं काय? 'ब्रँडीवाइन'सारखी भलीमोठी, ऐंशीहून जास्त दिवस घेणारी वाणं. फोटोत भारी दिसतात, पण आपल्या डेडलाइनमध्ये बसत नाहीत.

लेबलवर नसलेली एक गोष्ट

रोप निवडताना पानं बघा. दाट पानांचं वाण फळांवर सावली धरतं. विरळ पानांच्या झाडावर फळं उन्हाने भाजून पांढरी पडतात. एप्रिल संपता संपता ३० ते ५० टक्क्यांचं शेडनेट आणि मुळाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन कराच. मेमध्ये फळं नारिंगीवरच अडली तर घाबरू नका. कडक उन्हात लाल रंग तयार होत नाही. तोडून घरात ठेवा, पिकतील.

आणि हो, गावाकडचं बियाणं बॅगेत टाकून आणू नका. अमेरिकेत त्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

थोडक्यात: सत्तरच्या आतले दिवस, छोटं फळ, दाट पानं. या शनिवारी नर्सरीत जाल तेव्हा फोटो नंतर बघा, आधी आकडा बघा. तुम्ही कुठलं वाण घेतलंत ते व्हॉइस नोट करून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!